लोणंदच्या अलीकडचा दगड

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकले, की आठ-दहा दिवसांत आमच्या भागातल्या रस्त्यांवर मेंढरं दिसायला लागतात. माण, खटाव, आटपाडीकडची धनगर मंडळी पश्चिमेला निघालेली असतात. पुढे पटका बांधलेला एक जण, खांद्यावर आडवी काठी. मागे दोन-तीनशे मेंढरं. त्यामागे संसार लादलेली घोडी, आणि घोड्यांवर भांडी, कोंबड्या आणि लहान पोरं एकाच हिशेबात बांधलेली. हल्ली काहींचा संसार टेम्पोतून पुढे जातो, पण मेंढरांना अजून चालावंच लागतं.

परवा साताऱ्याहून लोणंदकडे निघालेली आमची एसटी अशाच एका कळपानं अडवली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला. मेंढरांना हॉर्नचं काही वाटत नाही. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला, तोही थांबला. शेजारचे गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते. मला घाई नव्हती. निवृत्त माणसाला एवढी एक चैन परवडते. खिडकीतून लोकरीचा, धुळीचा आणि लेंड्यांचा वास आत आला आणि सात-आठ वर्षांपूर्वीचा तो हिवाळा समोर येऊन बसला. तो दर वर्षी येतो. मी बोलावत नाही.

मी रस्त्यांच्या खात्यात होतो. खात्याचं नाव सांगत बसत नाही, रस्ता वाईट लागला की लोक ते घेतातच. माझं काम मोजणीचं. आयुष्यभर मी अंतरं मोजली. कुठून कुठे किती, चढ किती, वळण किती. घरी भाजी आणायला गेलो तरी पावलं मोजायची सवय होती, आणि बायको यावरून पाहुण्यांसमोर माझी यथेच्छ थट्टा करायची. पण अंतराच्या बाबतीत मी कधी चुकलो नाही, हे मी जरा ताठ मानेनंच सांगायचो.

त्या हिवाळ्यात पूर्वेकडून लोणंदला येणारा रस्ता रुंद व्हायचा होता. रुंदीत जे जे येईल त्याची यादी करायची होती. झाडांना वेगळा माणूस होता, विहिरींना वेगळा. माझ्या वाट्याला दगड आले. साधे दगड नव्हेत. देवाचे, स्मारकाचे, नावाचे, सरकारी, कसलेही उभे केलेले दगड. प्रत्येकाचं अंतर, रस्त्याची बाजू, वर्णन आणि शेवटी शेरा. शेरे तीनच होते. ‘जैसे थे’, ‘हलवावे’ आणि ‘काढून टाकावे’. देवस्थान किंवा स्मारक असेल तर ‘हलवावे’. जुने किलोमीटरचे दगड मात्र सरसकट ‘काढून टाकावे’, कारण नव्या रस्त्याला नव्या पाट्या येणार होत्या. काढलेले दगड भरावात जायचे.

दगडांकडे तोवर मी कधी नीट बघितलं नव्हतं. त्या हिवाळ्यात बघितलं, आणि आपला मुलूख किती गोष्टी दगडावर सोपवून मोकळा होतो याचं मला नवल वाटलं. एका गावात पाण्याच्या टाकीजवळ वीरगळ होता. खाली लढणारा वीर आणि त्यानं सोडवलेल्या गाई, मधे त्याला स्वर्गात घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा करणारा तोच वीर, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. बायका त्यावर गोधड्या आपटत होत्या. हा कोण म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाली की कुणीतरी चांगला माणूस असणार, दगड लय गुळगुळीत हाय. दुसऱ्या एका गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजी अमदानीतली संगमरवरी पाटी होती. या गावातून इतके लोक लढाईवर गेले आणि त्यातले इतके परत आले नाहीत, एवढंच तिच्यावर. नावं नाहीत, फक्त संख्या. त्या गावात आजही घराआड एक फौजी आहे.

आणि कोनशिला. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. एका पुलाच्या मी तीन कोनशिला मोजल्या, तीन वेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते. पूल अजून व्हायचा होता.

त्याआधी तीन वर्षं मी सांगलीला होतो. तिथली स्मारकं वेगळीच. नदीकडच्या गल्ल्यांत भिंतींवर, खांबांवर रंगानं आडव्या रेघा मारलेल्या दिसतात. पाणी इथवर आलं होतं. रेघेखाली साल. लोक त्या रेघेला टेकून चहा पितात, तिच्यावरच्या खिळ्याला पिशवी अडकवतात. नवीन माणूस आला की त्याला हात उंच करून ती दाखवतात, आणि दाखवताना त्यांच्या आवाजात थोडा मोठेपणा येतो. मला ते आवडायचं. आपल्यावरून पाणी गेलं आणि आपण इथेच आहोत, हे सांगायला एक रेघ पुरते. दगड नको, नाव नको. असं मला तेव्हा वाटायचं.

यादीच्या कामाला माझ्याबरोबर फौजी होता. त्याचं नाव तुकाराम, पण खात्यात सगळे फौजीच म्हणायचे. सतरा वर्षं पलटणीत काढून आलेला, आता आमच्याकडे रोजंदारीवर टेप धरायचा. कोणत्याही प्रश्नाला आधी ‘ठीक है साब’ म्हणायचा आणि मग विचार करायचा. दगड दिसला की तो बूट काढून नमस्कार करायचा आणि मगच टेप लावायचा. कोनशिलेलासुद्धा. मी एकदा हटकलं, तर म्हणाला, नमस्काराला काय पडतंय.

सकाळी थंडी असायची. रस्त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ज्वारी पोटऱ्यात आलेली. ट्रॉल्यांतून पडलेल्या उसाच्या कांड्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या असत, फौजी त्यातली बरी कांडी उचलून दातानं सोलत चालायचा. दुपारी ऊन चांगलं तापायचं. आम्ही दिवसाला सहा-सात किलोमीटर करायचो आणि कुठल्या तरी टपरीवर भजी खाऊन परत यायचो. इतकं निवांत काम मला नोकरीत पुन्हा मिळालं नाही.

लोणंदच्या अलीकडे रस्ता एक टेकाड चढायचा. फार मोठं नाही, पण भरलेली ट्रॉली तिथे हमखास धापा टाकायची. टेकाडाच्या पायथ्याला, बाभळीखाली, गुडघ्याएवढा एक दगड होता. माथ्याला गोल, अंगभर शेंदूर. शेंदराचे थर इतके जाड की दगडाला कडाच उरल्या नव्हत्या. पायाशी लोकरीचे पुंजके आणि एक फुटका नारळ.

शेजारच्या रानात मेंढरं बसवलेली होती. शेतकरी खतासाठी धनगरांना बोलावतात, मेंढरं रात्री त्या रानात राहतात, लेंड्या-मुतानं रान सुपीक होतं, आणि धनगरांना धान्य मिळतं. जाळीचं कुंपण, तीन दगडांची चूल, बाजेवर वाळत टाकलेली लुगडी. तिथून एक बाई आमच्याकडे आली. पंचेचाळिशीची असेल, उंच, कपाळावर मोठं कुंकू. तिचं नाव हौसा. काय लिहिताय म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती वहीकडे बघत राहिली, मग दगडाकडे, आणि म्हणाली, “आवं सायेब, ह्यो आमच्या बाचा दगड हाय.”

मग तिनं सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळाचं साल. ती तेव्हा पाठीवरच्या झोळीत होती. मेंढरं घेऊन इकडे येताना तिचे वडील, बिरू त्यांचं नाव, इथे या दगडापाशी वारले. तिला ते आठवत नाहीत. फोटो नाही. त्या वेळच्या कुठल्या कागदावर त्यांचं नाव नाही. आहे ते या दगडावर, शेंदराखाली. आईनंच तिला लहानपणी सांगितलं होतं, तुझ्या बाचं नाव हाय त्याच्याखाली, हात लावायचा न्हाई. आता रस्ता मोठा होणार म्हणता, तर शेंदूर काढा, नाव वाचा आणि कागदावर घ्या. नाव असलेला दगड सरकार फेकून देणार नाही, असा तिचा हिशेब होता. तो बरोबरच होता. नाव असतं तर तो दगड स्मारक ठरला असता.

एवढ्यात मागून तिची आई आली. ठकाबाई. सत्तरीकडे झुकलेली, वाळलेल्या शेंगेसारखी बारीक. लेकीचं बोलणं तिनं ऐकलं असावं. तिनं दगडावर हात ठेवला आणि दगडाला हात लावायचा नाही, असं इतक्या हळू आवाजात सांगितलं, की मला ते दोनदा विचारावं लागलं. हौसा वैतागली. आई, आता नाव नाही काढलं तर दगड जाईल, मग काय करशील, असं ती परोपरीनं सांगत होती. ठकाबाई नुसती मान हलवत होती. कारण सांगायला तयार नव्हती. म्हाताऱ्या माणसांची देवाबद्दलची भीती, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं आणि उद्या बघू म्हणून निघालो.

वाटेत फौजीनं एक गोष्ट बोलून दाखवली. ही माणसं सगळीकडे भंडारा उधळतात. देवाला भंडारा, मेंढरांना भंडारा, माणसाच्या कपाळाला भंडारा. मग या एकाच दगडाला शेंदूर का? मी म्हटलं, असेल काही नवस. पण माझंही कुतूहल चाळवलं गेलं होतं. मला यादीत ‘अज्ञात’ लिहायला कधीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मुद्दाम तिथे गेलो. मेंढरं चरायला गेलेली होती, रानात कुणी दिसत नव्हतं. मी टेकाडाकडे पाठ करून बसलो आणि पत्र्याच्या तुकड्यानं दगडाच्या रस्त्याकडच्या अंगाला शेंदूर खरवडायला लागलो. वर्षानुवर्षांचे थर. केशरी, मग तांबडट, मग काळपट. एक मोठी खपली निघाली आणि खाली चुना दिसला. चुन्यावर काळ्या रंगात आधी ‘णंद’ दिसलं, आणि त्याच्याखाली ठळक, अजिबात न पुसलेला, तीनचा आकडा. लोणंद ३.

मी हसलो. अगदी मनापासून हसलो. माझ्याच खात्याचा दगड. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही माणसं किलोमीटरच्या दगडापुढे नारळ फोडत होती. फौजीही हसला, पण त्यानं आधी नमस्कार केला होता, म्हणून जरा ओशाळून हसला. मी वही काढली आणि लिहून टाकलं. शासकीय किलोमीटर दगड. काढून टाकावे. शाईनं लिहिलं. पेन्सिलीवर माझा विश्वास नव्हता.

वही मिटून मागे वळलो तर ठकाबाई उभी होती. आजारी कोकरू सांभाळायला ती एकटी मागे राहिली होती. कोकरू तिच्या काखेत होतं. ती किती वेळ उभी होती, आमचं हसणं तिनं ऐकलं का, मला माहीत नाही. ती ओरडली नाही, रागावली नाही. कोकरू खाली ठेवलं, दगडासमोर बसली आणि त्या उघड्या पडलेल्या आकड्याकडे बघत राहिली. फौजी न सांगता टेप गुंडाळत पलीकडे निघून गेला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की मावशी, हा देव नाही, अंतराचा दगड आहे. ती म्हणाली, तिला ठाऊक आहे. मग तिनं जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिच्या शब्दांत ते मला नीट सांगता येणार नाही.

त्या साली दिवाळीच्या आधीच चारा संपला. घरच्या माणसांनी नेहमीची वाट सोडून नवी वाट धरली. या रस्त्यानं त्यांच्यापैकी कुणीच आधी आलेलं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून बिरूला उलट्या होत होत्या. लोणंदला डॉक्टर आहे असं कुणीतरी सांगितलं. मेंढरं हळू चालतात, म्हणून ती एकटीच पुढे निघाली. नवरा घोड्यावर, लेक पाठीवर, हातात लगाम. वीस-बावीस वर्षांची बाई. दुपार कलली तेव्हा ती या टेकाडाच्या पायथ्याशी पोचली. बिरूला घोड्यावर बसवत नव्हतं. समोर चढ, आणि चढाच्या वर नुसतं आभाळ. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोणंद अजून किती लांब, कुणाला विचारणार. तिला वाटलं, माळावरचा मुलूख आहे, गाव लांबच असणार. मागून माणसं येईपर्यंत त्याला जरा टेकू द्यावा. तिनं त्याला खाली उतरवलं आणि या दगडाला टेकवून बसवलं. त्याची पाठ दगडाला, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर. दिवस बुडायच्या आत तो गेला.

मेंढरं आल्यावर दोघं पुरुष मदत आणायला धावत टेकाड चढून गेले. वर गेल्या गेल्या ओरडले, की गाव इथेच आहे, खालीच दिसतंय. थोड्या वेळानं सायकलवरून लोणंदची माणसं आली. त्यातला एक जण हळहळून म्हणाला, की अगं बाई, तीनच किलोमीटर राहिलं होतं, दगडावर लिहिलंय की. तो बिचारा सहज बोलला. तिनं त्याला विचारलं, कुठं लिवलंय. त्यानं बोट ठेवून दाखवलं.

हे सांगताना ठकाबाईनं आकड्यावर बोट ठेवलं नाही. लांबूनच बोटानं हवेत तो गिरवला. “मला लिवाय-वाचाय येत न्हाई, सायेब,” ती म्हणाली. “ह्यो एक आकडा तेवढा वळखते. कुठंबी दिसू दे. यष्टीवर, दुकानावर, पोरांच्या पाटीवर.”

पुढच्या साली त्याच वाटेनं यावं लागलं, तर तो आकडा तिची वाट बघत होता. तिनं त्याच्यावर भंडारा टाकला. वारा आला आणि आकडा पुन्हा दिसायला लागला. मग तिनं लोणंदच्या बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि थापला. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, “भंडारा उडून जातो. शेंदूर बसतो.”

लोक म्हणाले, ठकीनं दाल्ल्याचा देव केला. तिनं ते तसंच राहू दिलं. दर वर्षी येताना एक हात, जाताना एक हात. लेक मोठी झाली, विचारायला लागली, खरवडायला बघायला लागली. तेव्हा तिनं तिला सांगितलं, की खाली बाचं नाव आहे.

मी नोकरीत पुष्कळ लोकांची रडकथा ऐकलेली आहे. रस्ता रुंद व्हायचा म्हटला की ज्याची त्याची विहीर पूर्वजांची असते. पण त्या दुपारी मला माझ्या हसण्याची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही. मी हयातभर आकडे लिहीत आलो, दगडांवर, पाट्यांवर, नकाशांवर. ते कुणाला दिसतात आणि कसे दिसतात, याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

तिनं माझ्याकडे फार काही मागितलं नाही. पालातून शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली आणली आणि माझ्या हातात दिली. ज्यानं काढला त्यानंच लावावा, एवढंच म्हणाली. मी कधी देवाला शेंदूर लावलेला माणूस नाही. घरात पूजा बायको करायची. मी तळहातावर शेंदूर कालवला आणि त्या आकड्यावर थापला, एकदा, दोनदा, तीन-चारदा, तो पूर्ण जाईपर्यंत. माझी बोटं पुढे आठवडाभर केशरी होती आणि कचेरीत ज्यानं त्यानं विचारून घेतलं.

मग मी वहीतलं ते पान फाडलं. त्या पानावरच्या आधीच्या नऊ नोंदी नव्या पानावर उतरवून काढल्या, ठकाबाईला तिच्या सासऱ्याचं नाव विचारलं आणि दहावी लिहिली. स्मारक. नाव, बिरू धुळा. हलवावे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून केलेली ही एकच खोटी नोंद. फौजीनं ती वाचली, ‘ठीक है साब’ म्हणाला, आणि या वेळी नंतर विचार केला नाही.

दिवस कलताना मेंढरं परत आली. हौसा थेट माझ्याकडे आली. मी तिला सांगितलं, की बघितलं, नाव आहे. तिनं विचारलं, कसं लिहिलंय ते वाचून दाखवा. ठकाबाई चुलीपाशी बसली होती, आमच्याकडे पाठ करून. मी म्हटलं, “बिरू धुळा.” हौसानं ते पुटपुटून पाहिलं. मग पहिलं अक्षर कसं असतं म्हणून विचारलं, आणि मी काठीनं धुळीत ‘बि’ काढून दाखवला. तिनं त्याच्या शेजारी बोटानं तसाच एक काढला. वेलांटी चुकली होती, मी दुरुस्त केली नाही.

काम सुरू झालं तेव्हा मी स्वतः हजर राहून तो दगड हलवला. वीस फूट मागे, शेताच्या बांधाला लागून, सिमेंटचा छोटा ओटा करून. दगड उचलताना शेंदराचं कवच एका झटक्यात गळून पडलं, आणि त्याच्याबरोबर चुनाही गेला. पाट्या रंगवणारा पेंटर होता, त्याच्याकडून मी दगडाला पांढरा रंग देऊन घेतला आणि वर काळ्या अक्षरांत नाव लिहून घेतलं. अक्षरं सुरेख आली. आता त्या दगडावर खरोखरच नाव होतं. हौसाला सांगितलेलं खोटं मी खरं करून दाखवलं, असं मला वाटलं आणि मी खूश झालो. एखादी गोष्ट मार्गी लावल्याचं समाधान सरकारी माणसाला फार क्वचित मिळतं.

परवा मेंढरं बाजूला झाली आणि आमची बस हलली. मेंढक्यानं ड्रायव्हरकडे बघून हात केला, ड्रायव्हरनंही केला, दोघांचा राग संपला. तो कळप कुणाचा होता, त्यात ठकाबाईचं कुणी होतं का, मला माहीत नाही. मी ओळखायचा प्रयत्नही केला नाही. लोणंदहून पुढे फलटणला भाचीकडे जाताना बस त्या बाभळीच्या जागेवरून जाते. बाभूळ नाही, झाडांच्या यादीत ती ‘काढून टाकावे’मध्ये होती. मी खिडकीशी बसलेला असलो तरी उतरत नाही. भाची विचारते, मामा, ते तुमचं स्मारक कुठलं हो, दाखवा की. मी म्हणतो, पुढच्या वेळी.

कारण दगड हलवल्यानंतरच्या दिवाळीला मी तिथे गेलो होतो. तेव्हा माझी नोकरी थोडीच उरली होती. रस्ता झाला होता, गुळगुळीत, रुंद. मेंढरं कधी येतील याचा अंदाज घेऊन मी फौजीच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. मनात म्हटलं, नाव बघून त्यांना काय वाटतं ते बघू. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

हौसा पुढे होती. ओट्यापाशी येऊन तिनं दगडावर भंडारा टाकला, लोकरीचा पुंजका ठेवला, आणि पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं. या वेळी वेलांटी बरोबर फिरवली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं मला वाकून नमस्कार केला, मी मागे सरलो, फौजीनं तो माझ्या वतीनं घेतला.

ठकाबाई ओट्यापाशी आलीच नाही. ती जुन्या जागेवर थांबली, जिथे आता डांबराची कड होती. तिथे ती खाली बसली. आधी मला वाटलं, दमली असेल. मग ती कुठे बघतेय ते मी बघितलं.

टेकाड नव्हतं. ट्रॉल्यांना चढ जातो म्हणून नव्या रस्त्यासाठी ते मधोमध कापून काढलं होतं. चढ किती, किती खोल कापायचा, ते सगळं मीच मोजून दिलं होतं. नकाशात ती रेघ अगदी सरळ आली होती आणि मला तिचा अभिमान होता. आता त्या कापातून समोर लोणंद दिसत होतं. पाण्याची टाकी, पत्र्याची मोठी छपरं, रेल्वेचा सिग्नल, एका घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे. उन्हात सगळं स्वच्छ. बसल्या जागेवरून, मान न उचलता.

ती बराच वेळ बघत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.  शेवटी तिनंच माझ्याकडे न बघता विचारलं, की हे टेकाड तुमीच फोडलं व्हय. मी हो म्हटलं.

“लय उशिरा फोडलं, सायेब,” ती म्हणाली.